परदेशातून पुण्यातली कंपनी: पत्ता घेण्याआधी

दुबईत राहून पुण्यात प्रायव्हेट लिमिटेड चालवता येते, बिनधास्त करा. पण व्हर्च्युअल ऑफिसचे (म्हणजे प्रत्यक्ष ऑफिस न थाटता भाड्याने मिळणाऱ्या कंपनीच्या पत्त्याचे) भाव बघण्याआधी इथला एक माणूस पक्का करा. कंपनी कायद्यानुसार किमान एक संचालक आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहणारा लागतो. नवखे नेमके इथेच अडकतात.

मग पत्ता. देणाऱ्याकडे आधी हे मागा:
- भाडेकरार
- जागामालकाचं ना-हरकत पत्र
- दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल

बिलावरचं आणि ना-हरकत पत्रावरचं नाव जुळतंय का, स्वतः बघा. ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नका.

जीएसटीचे अधिकारी जागा बघायला येऊ शकतात. तेव्हा रिसेप्शनवरून ‘अशी कंपनी इथे नाही’ असं उत्तर गेलं, की जीएसटी नोंदणीचा अर्ज बोंबलला. कंपनीच्या नावाची पाटी बाहेर लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे. लावल्याचा फोटो मागवा.

आलेलं टपाल त्याच दिवशी स्कॅन करून मिळेल, हे करारात लिहून घ्या. पाकीट तिथल्या कपाटात पडून राहिलं तरी नोटिशीची मुदत काही थांबत नाही. (अगदी स्वस्त पॅकेजमध्ये बहुधा हीच सोय गाळलेली असते.)

कंपनीतल्या तुमच्या शेअरचे पैसे तिकडून पाठवणार असाल, तर पाठवण्याआधी सीएला विचारा.