चित्रं परत जाणार असतील तर ते ‘दान’ कसं?

प्रश्न: नौपाड्यातल्या आमच्या संस्थेच्या दालनात एका खासगी संग्राहकाची चित्रं महिनाभर लागणार आहेत. दालनाच्या रंगकामाचा आणि दिव्यांचा खर्चही त्यांनीच उचलला आहे. फलकावर ‘यांनी दान केलेली चित्रे’ लिहायचं की ‘यांच्या देणगीतून’, यावरून कार्यकारिणीत दोन तट पडलेत. योग्य काय?

उत्तर: रंगकाम आणि दिव्यांसाठी ‘देणगी’ अगदी बरोबर. चित्रांसाठी मात्र दोन्ही शब्द चालणार नाहीत.

दानाची जुनी व्याख्या फार चोख आहे: स्वस्वत्वनिवृत्तिपूर्वकं परस्वत्वापादनम्. आपला हक्क संपवायचा आणि दुसऱ्याचा उभा करायचा. दान देताना हातावरून पाणी सोडतात ते या हक्काचं. ‘वाट्यावर पाणी सोडलं’, ‘त्या पैशांवर उदक सोडलं’ हे बोलणं त्यातूनच आलं. रक्तदान, नेत्रदान हे शब्द आपल्याला खटकत नाहीत, कारण दिलेलं कोणी परत मागत नाही. कायदाही हेच धरून चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२६ नुसार, देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर परत घेता येईल असं ठरवून दिलेली भेट ही भेटच ठरत नाही. महिन्याभराने टेम्पोत चढून घरी जाणाऱ्या चित्रांवर कोणी पाणी सोडलेलं नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं जमवली आणि तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. संग्रहालयाला नाव आहे ते त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं. त्याला दान म्हणावं. हाच शब्द आपण महिन्याभराच्या प्रदर्शनालाही लावला, तर केळकरांसारख्यांसाठी आपल्याकडे शब्दच उरत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘देणगी’ थोडी सैल आहे. तिच्यासोबत पावती येते, कोनशिलेवर नाव येतं. नाटकाच्या ‘देणगी प्रवेशिके’त तर खुर्चीचा नंबरही येतो. मोबदल्याची थोडी सावली तिला चालते. पण दिलेले पैसे संस्थेचे होतात, एवढं तिच्यातही पक्कं असतं.

मग ‘सौजन्याने’? वर्तमानपत्रात छायाचित्राखाली तो शोभतो. इथे तो मालकी झाकतो, म्हणून मला नको वाटतो. संस्थेच्या भिंतीवर लागलेल्या चित्राचं वजन वाढतं, पुढे किंमतही वाढू शकते, आणि तो फायदा मालकाचा असतो. न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियममध्ये २०१० साली डाकिस जोआनू या संग्राहकाच्या खासगी संग्रहाचं प्रदर्शन भरलं. ते त्याच संग्रहालयाचे विश्वस्त होते. निवड केली जेफ कून्स या कलाकाराने, आणि त्याच्या कलाकृती जोआनूंच्या संग्रहात होत्या. टीका झाली ती या गुंत्यावर. संग्राहकाने मदत करण्यात गैर काही नाही. त्यांच्याशिवाय कितीतरी दालनं उघडलीच नसती. पण कोणाचं काय, हे बघायला येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

‘आश्रयदाते’ हा शब्द आपल्या ग्रंथालयांच्या सभासद-यादीत असतो, तो तिथेच राहू द्या. फलकावर तो आला की संस्था आश्रित ठरते.

‘उसनी’ हा अर्थाने नेमका शब्द आहे, पण त्याला शेजारून आणलेल्या वाटीभर साखरेचा वास आहे. संग्राहकाला तो लागेल. म्हणून दोन गोष्टी दोन ओळींत लिहा:

‘चित्रे: श्री. … यांच्या खासगी संग्रहातून, प्रदर्शनाच्या कालावधीपुरती.
दालनाचे रंगकाम व प्रकाशयोजना: श्री. … यांची देणगी.’

दोन्ही ओळी सारख्याच अक्षरांत छापा. हे गृहस्थ तुमच्या कार्यकारिणीवर असतील तर तिसऱ्या ओळीत तेही येऊ द्या, आणि कोणती चित्रं लावायची हे त्यांना बाजूला ठेवून ठरवा.