बहाई इलेक्शनला उमेदवारच नसतो, मग निवडून येतं कोण?

प्रश्न: पाचगणीत आमच्या ओळखीचं एक बहाई धर्माचं कुटुंब आहे. त्यांच्यात दर एप्रिलला निवडणूक होते पण फॉर्म नाही, प्रचार नाही, कोणी उभंच राहत नाही म्हणे. मग मत द्यायचं कोणाला? आणि मतं सारखी पडली तर? – एक वाचक, वाई

उत्तर: ऐकलंय ते खरंय. बहाईंमध्ये पुजारी-मौलवी असं कोणी नसतंच, त्यामुळे कारभार बघायला गावोगावी नऊ जणांची स्थानिक आध्यात्मिक सभा असते, ती दरवर्षी रिजवान सण सुरू होतो तेव्हा निवडतात. मतदार आधी प्रार्थना करतो आणि मग कोऱ्या चिठ्ठीवर नऊ नावं लिहितो, आठ नाही दहा नाही, नऊच, आणि ती तिथल्या कुठल्याही पात्र बहाईची, मनापासून वाटलं तर स्वतःचंसुद्धा. नवरा-बायकोनेही एकमेकांत नावं काढायची नाहीत! माणूस कसा असावा यावर मात्र खुशाल बोला. निष्ठा, निःस्वार्थ सेवा, तयार बुद्धी, कामाची कुवत, अनुभव हे निकष बहाईंचे एकेकाळचे धर्मप्रमुख शोघी एफेंदींनी घालून दिलेत.

आता पोस्टर नाही, भाषण नाही म्हटल्यावर माणसं ओळखायची कशी, तर दर १९ दिवसांनी सगळे एकत्र जमतात तिथे, आणि एरवीच्या कामात, कोण शांतपणे ऐकून घेतं, कोण अंगावर घेतलेलं काम पुरं करतं हे वर्षभर बघत राहायचं, आणि मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मोठ्या शहरात जरा अवघड जातं, तेच ते ओळखीचे चेहरे परत येऊ शकतात.

देशाच्या पातळीवरची सभा बहाईंनी निवडलेले प्रतिनिधी निवडून देतात (भारत आणि ब्रह्मदेशाची मिळून १९२३ मध्ये झाली), आणि सगळ्या देशांच्या सभांचे सदस्य मिळून दर पाच वर्षांनी इस्रायलमधल्या हैफाचं विश्व न्याय मंदिर, म्हणजे बहाईंची जगातली सर्वोच्च सभा, निवडतात, १९६३ पासून. तिथे मात्र नऊही पुरुषच असतात, स्त्री-पुरुष समान मानणाऱ्या धर्मात हे मला खटकतं. बाकी सभांवर बायका निवडून येतात.

राहिलं सारख्या मतांचं. सगळ्यात जास्त मतं पडलेले नऊ जण सभेवर येतात. नवव्या जागेसाठी दोघं बरोबरीत आले आणि त्यातला एक जण तिथल्या अल्पसंख्य गटातला आहे हे उघड असेल तर जागा सरळ त्याला देतात, परत मतदान नाही. तसं नसेल तर फक्त त्या दोघांसाठी पुन्हा चिठ्ठ्या टाकायच्या.