प्राचीन भांड्याच्या आतला काळा थर मुद्दाम लावलेला आहे की काजळी, हे कसं ओळखतात?

नुसत्या नजरेनं खात्री होत नाही. रासायनिक तपासणीच लागते: थरात राळ किंवा मेणाच्या खुणा मिळाल्या, तर तो बहुधा मुद्दाम लावलेला. रोमन काळातले वाइनचे अँफोरा, म्हणजे दोन कानांचे मातीचे उभे रांजण घ्या. सच्छिद्र मातीतून वाइन झिरपू नये म्हणून त्यांना आतून पाइनच्या राळेचं डांबर फासत. नेवासे, घारापुरीलाही अशा अँफोरांचे तुकडे मिळाले आहेत.

थराचे काही मिलिग्रॅम खरवडून, सॉल्व्हंटमध्ये विरघळवून गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीनं (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीनं) तपासतात. डीहायड्रोॲबिएटिक आम्ल मिळालं तर ती पाइनकुळातली राळ. सोबत रेटीन हे संयुग असेल तर ती चांगलीच तापवलेली. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्या आम्लाचं मिथाइल एस्टर. ते सापडलं, तर डांबर नुसती राळ तापवून नव्हे, राळेसकट लाकूडच तापवून काढलेलं असावं, कारण तापलेल्या लाकडातून मिथेनॉल सुटतं आणि आम्लाशी जुळून हे एस्टर बनवतं. म्हणजे २००० वर्षांपूर्वीच्या कारागिराची रीत आपल्याला कळते! मधमाशांच्या मेणाची खूण वेगळी: लांब साखळीची एस्टर आणि २७ कार्बनचा अल्केन (फक्त कार्बन-हायड्रोजनचं संयुग).

तुकडा हाती आला तर कृपया घासून धुऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीतही नको, प्लास्टिकमधली थॅलेट्स नावाची रसायनं नमुन्यात उतरतात; ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. शेजारची थोडी मातीही तुलनेसाठी वेगळी ठेवा.