बहिणीने तलाठ्याकडे सही करून जमिनीवरचा हक्क सोडला होता. आता ती हिस्सा मागते आहे. तिच्या नवऱ्याने तिचं डोकं भरवलंय. द्यावा लागेल का?

लागेल. आणि 'तिच्या नवऱ्याने तिचं डोकं भरवलंय' असं जे प्रश्नात लिहिलंय, ते कोर्टात बोलू नका. तालुक्याच्या कोर्टात बावीस वर्षं वकिली करतोय. हिस्सा मागणाऱ्या प्रत्येक बहिणीचं डोकं, भावाच्या मते, दुसऱ्याच कुणीतरी भरवलेलं असतं.

आमच्याच घरचं सांगतो. आण्णा 2009 ला गेले, आई त्याआधीच. तेराव्यानंतर दादा ताईला आणि मला तलाठ्याकडे घेऊन गेला. वारस नोंद करायची होती. वर्दी (तलाठ्याला द्यायचा लेखी अर्ज) तयारच होती : 'मी स्वखुशीने हक्क सोडत आहे, माझे नाव लावू नये.' ताईने फक्त विचारलं, "कुठं करू सही?" मी वकील, शेजारीच उभा. पेन माझं होतं.

पंधरा दिवस नोटीस चावडीवर लागली, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार (नावबदलाची नोंद) मंजूर केला, सातबाऱ्यावर आम्ही दोघं भाऊ. पुढे 2017 ला रस्त्याच्या भूसंपादनात पावणेदोन एकर गेलं. मोबदल्याची नोटीस अर्थातच दोघांच्याच नावाने. ताईचा फोन आला, "आण्णांच्या रानाचे पैसे आलेत म्हणे." ते 'म्हणे' मला अजून टोचतं.

तिने वाटपाचा दावा लावला. तिचं वकीलपत्र माझ्या मित्राचं, कारण मी प्रतिवादी क्रमांक 2. कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, मी दावा सरळ कबूल केला. घरभेदी हे नाव तेव्हापासून पडलं. ताईला कोर्ट फी लागली नाही (मिळकतीच्या वादात महाराष्ट्रात बायकांना ती 1994 पासून माफ आहे), आणि दादाला मोबदल्यापेक्षाही हेच जास्त झोंबलं. शेवटी लोकअदालतीत तिघांत सारखं वाटप ठरलं. दादाने तडजोडीवर सही केली, चहा घेतला नाही.

कायदा साधा आहे. स्थावरातला हक्क तोंडी किंवा तलाठ्यापुढच्या जबाबाने सुटत नाही, त्याला नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नोंदलेला दस्त लागतो. फेरफार हा महसुलाचा कागद. तो मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. वडील 9 सप्टेंबर 2005 च्या (हिंदू वारसा कायद्यातली मुलींच्या हक्काची दुरुस्ती लागू झाली त्या दिवसाच्या) आधी वारले म्हणून मुलगी सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटेकरी) नाही, हा युक्तिवाद तर सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात संपवला.

'लग्नात सोनं घातलं, तोच तिचा हिस्सा' हे दादाचं पालुपद तुमच्याकडेही असेलच. मग दादाच्या लग्नाला मांडव, बँड, दोन जेवणावळी झाल्या, त्या त्याच्या हिश्शातून कुणी वजा केल्या? लग्नाचा खर्च म्हणजे वाटप नव्हे.

आता हे आधीच सांगायला हवं होतं : दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हक्कसोडपत्र असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. मग फसवणूक झाली हे बहिणीला सिद्ध करावं लागेल, आणि ती कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागेल. 20 डिसेंबर 2004 आधीचं नोंदणीकृत वाटप असेल किंवा वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीचं मृत्युपत्र असेल, तरी गणित बदलतं. तेव्हा सातबारा घेऊन बसू नका, फेरफाराचा उतारा काढा. त्यात दस्त क्रमांक आहे की नुसतं 'वर्दीवरून' लिहिलंय, ते बघून वकिलाकडे जा.

दादा अजून म्हणतो, ताईने मनानं सोडलं होतं. मनानं सोडलं होतं, तर वर्दी आदल्या रात्रीच टाइप करून का ठेवली होती?