पावत्या गेल्या कुठे?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचा हिशेब अनेक वर्षे एका जुन्या प्रोग्रॅममध्ये ठेवला जात आहे. विंडोज ११ असलेल्या नव्या संगणकावर तो टाकताना परवानगी मागणारी खिडकी वारंवार आडवी आली. तरी तो बसवून आम्ही देखभाल शुल्काच्या पावत्या केल्या. परवा एका परिचितांच्या सांगण्यावरून तो 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडला, तर एकही पावती दिसेना. ही सुरक्षा कायमची बंद करावी का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सुरक्षा बंद करू नका, आणि पावत्यांचीही चिंता नको, त्या बहुधा जागेवर आहेत, फक्त ती जागा आपल्याला वाटते ती नाही.

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये नेहमीच्या वापरात कोणत्याही प्रोग्रॅमला लिहिता येत नाही. खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे असले तरी, त्या खिडकीत 'येस' म्हणेपर्यंत त्याचे अधिकार साध्या खात्याइतकेच राहतात. त्याआधीचे प्रोग्रॅम मात्र आपली माहिती बिनदिक्कत तिथेच साठवत. ते बंद पडू नयेत म्हणून जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमने तिथे लिहायला घेतलेली फाइल विंडोज गुपचूप त्या खातेदाराच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' या फोल्डरमध्ये ठेवते आणि प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागू देत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर ही पळवाट बंद होते, प्रोग्रॅम खऱ्या फोल्डरमधली कोरी फाइल वाचतो आणि आपल्याला पावत्या गेल्यासारखे वाटते. सोय म्हणून केलेली ही व्यवस्था किती घोटाळा करते, ते आपण अनुभवलेच आहे.

तेव्हा प्रोग्रॅम आधी नेहमीसारखा, साध्या डबल क्लिकने उघडून पाहा. पावत्या दिसल्या की लगेच बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. मग प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवताना 'प्रोग्रॅम फाइल्स'ऐवजी 'सी' ड्राइव्हवर थेट तयार केलेले वेगळे फोल्डर निवडा, कारण तिथे साध्या खात्यालाही सहसा लिहिता येते, आणि बॅकअप तिथे परत भरा. जागा बदलू देत नसेल, तर फक्त त्याच्या डेटा फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'सिक्युरिटी'त जाऊन 'यूजर्स'ना 'मॉडिफाय'ची मुभा द्या. अख्ख्या 'प्रोग्रॅम फाइल्स'ला ती देणे म्हणजे सोसायटीचे फाटक सताड उघडे टाकणे होय.

परवानगीच्या खिडकीत प्रकाशकाचे, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्याचे, नाव येते. जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तिथे 'अननोन' दिसणे स्वाभाविक आहे. स्वतःजवळच्या मूळ सीडीवरून बसवत असाल तर 'येस' म्हणायला हरकत नाही, पण ईमेलने आलेल्या फाइलला मुळीच म्हणू नका.

संगणकावर सचिव आणि खजिनदार यांची खाती वेगळी असतील, तर दोघांच्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये दोन वेगवेगळे हिशेब तयार झालेले असू शकतात. त्यामुळे प्रोग्रॅम काढण्यापूर्वी दोन्ही खात्यांतून तो उघडून पावती क्रमांक ताडून घ्या आणि दोन्हींचे बॅकअप वेगवेगळ्या नावांनी ठेवा.