शिकागोच्या ब्लॅक वस्त्यांमधल्या मुलांसाठी जे कार्यक्रम चालतात त्याने मारामाऱ्या, गोळीबार खरंच कमी होतो का, की नुसते फोटो काढण्यापुरतेच असतात?

होतो कमी. मी शिकागोत राहतो, दोन वर्षं वेस्ट साइडला दर शनिवारी शाळेतल्या पोरांना गणित शिकवायला जायचो, त्यामुळे थोडं जवळून बघितलंय. एक मुलगा सारखा दांडी मारायचा, मला वाटलं आळशी आहे, नंतर कळलं की बसस्टॉप दुसऱ्या टोळीच्या गल्लीत होता आणि तिथं उतरायची त्याची हिंमत होत नव्हती. त्या दिवसापासून 'ही मुलं बिघडलेलीच' असं कोणी म्हटलं की मला सहन होत नाही.

तिथे 'बिकमिंग अ मॅन' नावाचा कार्यक्रम आहे, 2001 पासून. आठवड्यातून एकदा शाळेच्या वेळेतच मुलं एका मोठ्या माणसाबरोबर गोल करून बसतात. त्यातला एक खेळ सांगतो. दोघांची जोडी, एकाच्या मुठीत बॉल, दुसऱ्याने 30 सेकंदांत तो काढून घ्यायचा. मग काय, ओढाओढी, बोटं पिरगाळणं सगळं होतं, आणि वेळ संपल्यावर तो माणूस विचारतो, अरे नुसता मागून का नाही बघितलास? मुलगा म्हणतो, मागितला असता तर मी घाबरट वाटलो असतो. आणि बॉलवाला म्हणतो, मागितला असता तर दिला असता की, बॉलच तर आहे! रस्त्यावर भांडण पेटतं तेव्हा अगदी हेच चालू असतं हो, फक्त कधीकधी खिशात पिस्तूल असतं. ओबामा 2013 मध्ये अशाच एका गोलात येऊन बसले होते आणि घरात बाप नव्हता त्याचा मलाही राग होता असं मुलांना म्हणाले.

आता आकडे. शिकागो युनिव्हर्सिटीने लॉटरी काढून काही मुलांना कार्यक्रमात घेतलं, काहींना नाही, आणि तुलना केली. पहिल्या दोन अभ्यासांत कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका 45 ते 50 टक्के कमी. पण त्यातल्या पहिल्या अभ्यासात कार्यक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला, शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र वाढलं. दुसऱ्या एका कार्यक्रमात 2012 मध्ये 1634 मुलांची अशीच लॉटरी काढून काहींना उन्हाळ्यात 8 आठवडे पगारी काम दिलं आणि सोबत एक मार्गदर्शक, तर 16 महिन्यांत अशा अटका 43 टक्क्यांनी कमी, आणि गंमत म्हणजे बरीचशी घट काम संपल्यानंतरची.

शाळेबाहेरचं काम वेगळं. डॉ. गॅरी स्लटकिन यांनी आफ्रिकेत साथीच्या रोगांवर काम केलेलं, त्यांचं म्हणणं हिंसाही तशीच पसरते, म्हणून 2000 मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्क नावाच्या वस्तीत हिंसा थांबवायच्या कामाला सुरुवात केली ती त्याच वस्तीतली, बरीचशी तुरुंगात जाऊन आलेली माणसं घेऊन. कुणाला गोळी लागली की बदला घ्यायला निघालेल्या पोरांना तीच जाऊन अडवतात, कारण तिथं त्यांचा शब्द चालतो. 2015 मध्ये राज्याने या कामाचे पैसे थांबवले आणि खूप जणांचं काम सुटलं. अशी ओळख बनायला वर्षं लागतात हो, पुढच्या बजेटात पैसे आले म्हणून लगेच परत मिळत नाही.