पंपिंग ३० टक्के, मग उरलं काय?

"पंपिंग फक्त ३० टक्के आहे म्हणे. म्हणजे ७० टक्के हृदय गेलंच ना?"

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवताना ते कमी पडणं. अशा रुग्णांच्या घरचे हे हमखास विचारतात. त्या दिवशी विचारणारी बायको होती. मुलगा फाईल चाळत होता. ज्यांचं हृदय, ते साठीतले गृहस्थ खिडकीबाहेर बघत बसले होते.

निरोगी हृदयसुद्धा आत भरलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. पंपिंगचा आकडा तो हाच. म्हणजे ३० कमी आहे, पण तुलना १०० शी नव्हे, या ५५-७० शी करायची. शिवाय एवढ्याच पंपिंगवर कुणी जिना चढतो, तर कुणाला आंघोळीनेही दम लागतो. पंपिंग चांगलं असूनही हार्ट फेल्युअर असतं, ते वेगळंच.

मी फाईल मिटायला सांगितली. "रात्री उशाला किती उशा लागतात?"

"तीन," बायको म्हणाली. "तरी आडवं झालं की दम लागतो. मग खुर्चीतच बसतात. आणि लघवीला चार-पाचदा उठणं."

लघवीची गोळी, म्हणजे अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी, ते संध्याकाळी उशिरा घेत होते. यातलं काहीच डॉक्टरांच्या कानावर घातलेलं नव्हतं. 'एवढ्याशासाठी काय सांगायचं!' औषधांत हात घालणं माझं काम नाही. सगळं कागदावर लिहून दिलं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोस बदलला, गोळी सकाळवर आणली.

पुढच्या भेटीत मी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला घरात आता एकच काम आहे. सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं."

काटा हवाच. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं, लगेच डॉक्टरांना कळवायचं. पण मुलाने काळजीपोटी बाकी सगळंच काढून घेतलं होतं: जिना, बँकेची कामं, मित्रांचे फोनसुद्धा. हार्ट फेल्युअरच्या साधारण पाचातल्या एकाला नैराश्य असतं. थकवा, मोडलेली झोप, गेलेली भूक ही दोन्हींची लक्षणं, त्यामुळे सगळं हृदयाच्या खात्यावर जमा होतं. यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. मुलाला ते पटेना. "आजार हृदयाचा आहे ना?" त्याच्याशी दोनदा बोलावं लागलं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा माझा आवाज चढलाच.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर चालणं सुरू झालं. आधी पाच मिनिटं, तेही चालता चालता बोलता येईल एवढ्याच वेगाने. बँकेची कामं त्यांच्याकडे परत आली.

बायकोची झोप कुणी विचारलीच नव्हती. कित्येक महिने ती अंधारात त्यांचा श्वास मोजत जागी राहायची.

तिसऱ्या महिन्यात दोघं आले. इको, म्हणजे पंपिंगचा आकडा देणारी हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा झालेला नव्हता. बसता बसताच त्यांनी तक्रार केली, "काल हिच्या घोरण्याने मला झोप नाही."